सही कुणाची?

(पाचूबंदर आणि आसपासच्या वाड्यांमधल्या श्रोत्यांसाठी सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

बोंबील वलांडीवर टाकून झाले असतील, नाहीतर बाजारात पाटी रिकामी करून आत्ताच घरी टेकला असाल. हात कामात असू द्या, कान इकडे द्या. आजचा विषय मोठ्याने बोलायचा नसतो असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, तेव्हा घरात कुणी असेल तर रेडिओचा आवाज थोडा बारीक करा. बंद मात्र करू नका. मी आज गर्भपाताच्या कायद्याबद्दल बोलणार आहे.

मी 25 वर्षं आरोग्यसेविका म्हणून काम केलं. एवढ्या वर्षांत या विषयावर मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कुठला असेल? तुम्हाला वाटेल, दुखेल का, किंवा खर्च किती येईल. नाही. प्रश्न असायचा, "सिस्टर, नवऱ्याची सही लागेल ना?" आणि त्यात तो "ना" असायचाच. म्हणजे लागतेच हे गृहीत धरून बाई विचारायची.

एक बाई सांगते. नाव नाही, गल्ली नाही, वर्षही नाही. दोन मुलं, धाकटा अजून अंगावर पिणारा. पाळी चुकली. अंगावर पाजतेय म्हणून पाळी आली नसेल असं धरून तिने दीड महिना घालवला. मग तपासलं तर दिवस गेलेले. ती एका दवाखान्यात गेली. तिथे सांगितलं, नवऱ्याला घेऊन या, त्याची सही लागते. नवरा बोटीवर खलाशी. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, बोटी सुरू झालेल्या. बोट आत गेली की चार-सहा दिवस पत्ता नाही. आली की बर्फ, डिझेल, जाळ्याची दुरुस्ती, आणि पुन्हा बाहेर. एकदा तो आला तर दवाखाना बंद, एकदा दवाखाना उघडा तर तो तर्र. असे पाच आठवडे गेले. शेवटी तिने कुणाकडून तरी गोळ्या मागवल्या आणि घरात कुणाला न सांगता घेतल्या. तिसऱ्या दिवशी तिला रिक्षात घालून नेली तेव्हा साडी चिंब भिजलेली होती. वाचली. रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या.

आता ऐका. ती सही लागतच नव्हती.

कायद्याचं नाव मोठं आहे, वैद्यकीय गर्भपात कायदा, 1971. डॉक्टर लोक त्याला एमटीपी म्हणतात. त्यात संमतीचं कलम अगदी छोटं आहे. बाई 18 वर्षांची झालेली असेल तर तिची स्वतःची लेखी संमती पुरे. त्यासाठी फॉर्म 'सी' नावाचा एक कागद असतो. त्यावर तिची सही, किंवा लिहिता येत नसेल तर अंगठा. नवऱ्याच्या सहीसाठी त्या फॉर्मवर जागाच नाही. सासूच्या नाही, बापाच्या नाही, भावाच्याही नाही. आणि ही काही काल-परवाची सुधारणा नव्हे बरं. कायदा लागू झाला 1 एप्रिल 1972 ला, तेव्हापासून हे असंच आहे. पन्नासहून जास्त वर्षं झाली, आणि अजून आपल्या बायका "लागेल ना" म्हणून विचारतात.

मुलगी 18 च्या आतली असेल, किंवा बाई मनाने आजारी असेल, तर पालकाची संमती लागते. पालक म्हणजे कोण, हेही कायद्यात सांगितलंय. जी व्यक्ती त्या मुलीचा सांभाळ करते ती. म्हणजे आई चालते. बाप हवाच असं नाही.

मग दवाखाने नवऱ्याची सही मागतात का? भीतीपोटी. उद्या नवरा येऊन काचा फोडेल, तक्रार करेल, कोर्टात खेचेल. ही भीती अगदीच खोटी नाही. पंजाबकडे एका नवऱ्याने खरोखरच खटला केला होता. संबंध बिघडलेले, बायकोने गर्भ पाडून घेतला, तर याने बायकोवर आणि डॉक्टरांवरसुद्धा नुकसानभरपाईचा दावा ठोकला, मला न विचारता केलं म्हणून. 2011 साली पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो दावा काढून टाकला. न्यायाधीशांच्या म्हणण्याचा अर्थ असा होता की बायको नवऱ्यासोबत नांदते, शरीरसंबंधाला होकार देते, म्हणून मूल जन्माला घालण्यालाही तिचा होकार आहे असं होत नाही. नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. 2017 मध्ये तिथेही हरला.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. घटस्फोटाच्या दाव्यात काही नवरे "हिने मला न सांगता गर्भपात केला, ही क्रूरता आहे" असा मुद्दा काढतात, आणि 2007 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने क्रूरतेची जी उदाहरणं दिली, त्यात वैद्यकीय कारण नसताना नवऱ्याला न कळवता केलेला गर्भपातही आहे. पण तो नवरा-बायकोच्या भांडणातला मुद्दा झाला. दवाखान्याच्या दारात त्याचं काम नाही. डॉक्टरला कायद्याने पाहायची आहे ती तुमची सही. 2022 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट सांगितलं, न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या खंडपीठाने. कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत. घरच्यांची परवानगी आणा, अमुक कागद आणा, कोर्टाचा हुकूम आणा, हे सगळं बंद. अटीवरून आठवलं, "पिशवी साफ करून देतो, पण कॉपर-टी बसवायलाच लागेल" किंवा "ऑपरेशन करून घे तरच" हीसुद्धा कायद्यात नसलेली अटच आहे. कॉपर-टी चांगली वस्तू आहे, मी स्वतः कितीजणींना तिच्यासाठी पाठवलंय. पण ती बसवायची की नाही ते तुम्ही ठरवायचं, अडवून नाही.

आता थोडं मागे जाऊ. हा कायदा आला कुठून?

1860 साली इंग्रजांनी दंडविधान केलं, त्यात 312 कलम होतं. बाईचा जीव वाचवण्यासाठी केला तेवढा सोडून बाकी गर्भपात गुन्हा. करणाऱ्याला शिक्षा, आणि बाईने स्वतः केला तर बाईलाही. तीन वर्षांपर्यंत कैद, गर्भ हालचाल करू लागलेला असला तर सात. इंग्रजांचं राज्य जिथे जिथे होतं तिथे तिथे असले कायदे गेले. तिकडे दूर कॅरिबियन समुद्रात जमैका नावाचं बेट आहे, क्रिकेट पाहणाऱ्या पोरांना विचारा. तिथे 1864 साली केलेला कायदा अजून चालू आहे. आपलं 312 कलमही तुम्हाला वाटतं तसं मेलेलं नाही. 1 जुलै 2024 पासून दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते 88 नंबरचं कलम होऊन बसलंय. म्हणजे आजही आपल्या देशात गर्भपात मुळात गुन्हाच आहे, आणि एमटीपी कायदा म्हणजे त्या गुन्ह्याच्या भिंतीत ठेवलेलं एक दार. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

त्या भिंतीआड बायकांचं काय झालं, ते आपल्या महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते कशासाठी? फसवल्या गेलेल्या विधवा कुठे तरी गुपचूप बाळंत व्हायच्या आणि लाजेपायी मूल मारायच्या, म्हणून. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अशाच गुन्ह्यासाठी शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं, आणि तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापून लिहायला बसल्या. 'स्त्रीपुरुषतुलना' हे त्यांचं पुस्तक 1882 सालचं. त्यांचा सवाल साधा होता, की जिला दिवस गेले तिला शिक्षा, आणि ज्याच्यामुळे गेले तो कुठाय?

स्वातंत्र्यानंतर सरकारला काळजी पडली ती मात्र वेगळ्या कारणाने. चोरून गर्भ पाडताना बायका मरत होत्या, आणि लोकसंख्या वाढत होती. 1964 साली केंद्राने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह, आपल्या महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. 1966 च्या अखेरीस समितीचा अहवाल आला आणि त्यावरून 1971 चा कायदा झाला. बायकांनी मोर्चे काढून मिळवलेला हा कायदा नाही. डॉक्टर आणि सरकार यांनी मिळून केलेला आहे, आणि तो वाचताना ते कळतं. गंमत म्हणजे 1983 साली बार्बाडोस या छोट्याशा कॅरिबियन बेटाने आपला कायदा केला, त्याचं नावही अगदी हेच, वैद्यकीय गर्भपात कायदा. आपल्याकडून नेलं का कुणास ठाऊक. पण जमैकात 1864 आणि बार्बाडोसमध्ये 1983, एकाच समुद्रात.

तर कायदा डॉक्टरांचा आहे, असं मी म्हटलं. याचा अर्थ काय? संमती बाईची, पण मत डॉक्टरचं. तुम्ही "मला नको" म्हटलं की झालं, असा आपला कायदा नाही. डॉक्टरने प्रामाणिकपणे असं मत द्यायला हवं की हा गर्भ राहिला तर हिच्या जिवाला धोका आहे, किंवा हिच्या शरीराला अथवा मनाला गंभीर इजा होईल, किंवा बाळात मोठं व्यंग असण्याची शक्यता आहे. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं.

मला हे पटतं का? नाही पटत. ज्या बाईला आपल्या घरात तांदूळ किती शिल्लक आहे हे माहीत असतं, तिला आणखी एक तोंड पोसवेल की नाही हे कळत नाही? पण आहे तो कायदा असा आहे, आणि त्यात आपल्या कामाची दोन वाक्यं आहेत, ती बऱ्याच डॉक्टरांनाही आठवत नाहीत.

पहिलं. गर्भनिरोधक साधन फसल्यामुळे दिवस गेले, तर त्या गर्भाने बाईच्या मनाला गंभीर इजा होते असं धरून चालता येतं. 1971 मध्ये ही सवलत फक्त लग्न झालेल्या बाईला होती, "ती किंवा तिचा नवरा" असे शब्द होते. 2021 मध्ये कायदा बदलला, तो त्या वर्षीच्या 24 सप्टेंबरपासून लागू झाला, आणि शब्द आले "कोणतीही बाई किंवा तिचा जोडीदार". लग्न झालंय का हा प्रश्नच उरला नाही. बलात्कारातून राहिलेल्या गर्भाबद्दलही असंच धरलं जातं. आणि 2022 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की या कायद्यापुरतं तरी बलात्कार म्हणजे नवऱ्याने केलेली जबरदस्तीसुद्धा. पोलिसांत तक्रार केली नसली तरी.

दुसरं वाक्य मला जास्त आवडतं. बाईच्या तब्येतीला इजा होईल का हे ठरवताना डॉक्टरने तिच्या आजूबाजूची परिस्थिती विचारात घ्यावी, आत्ताची आणि पुढे येऊ शकणारीही. म्हणजे डॉक्टरसमोर बसल्यावर नुसतं "नकोय" म्हणून मान खाली घालू नका. सांगा. नवरा पितो, सांगा. बोटीचं कर्ज डोक्यावर आहे, धाकटं आठ महिन्यांचं आहे, सासू अंथरुणाला आहे, पहिल्या बाळंतपणानंतर महिना-महिना झोप नव्हती, रडू यायचं, सांगा. ही रडगाणी नव्हेत. कायद्याच्या भाषेत हीच कारणं आहेत.

आपलं मुंबई उच्च न्यायालय या बाबतीत पुष्कळदा बाईच्या बाजूने उभं राहिलंय. 2016 मध्ये भायखळ्याच्या तुरुंगातल्या बायकांच्या प्रश्नावर न्यायमूर्ती ताहिलरामानी आणि न्यायमूर्ती मृदुला भाटकर, दोघी बायकाच, यांनी सांगितलं की आई व्हायचं की नाही हा निर्णय बाईचा, तुरुंगातल्या बाईचाही. जानेवारी 2023 मध्ये तर 32 आठवडे उलटलेल्या एका बाईचं प्रकरण आलं. बाळात गंभीर व्यंग होतं, पण फार उशीर झालाय म्हणून वैद्यकीय मंडळाने नाही म्हटलं. न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती डिगे यांनी परवानगी दिली. निवड करायचा हक्क तिचा आहे, मंडळाचा नव्हे, असा त्यांचा रोख होता.

पण कोर्टात जायची वेळ न आलेली बरी, म्हणून आठवडे मोजायला शिका. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. म्हणजे पाळी चुकली त्याच दिवशी कागदावर तुमचे चार आठवडे भरलेले असतात. "आत्ताच तर चुकलीय, बघू पुढच्या महिन्यात" म्हणेस्तोवर आठ होतात. गोळ्यांनी गर्भपात करायला नियमाप्रमाणे नऊ आठवड्यांपर्यंतच मुभा आहे. म्हणून पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहा. भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असतात तुम्हाला, ही एक तारीख काय जड आहे! तपासणीची पट्टी आशाताईकडे मिळते.

20 च्या पुढे 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि ते सगळ्यांसाठी नाही. बलात्कार झालेल्या बायका, 18 च्या आतल्या मुली, अपंग किंवा मनाने आजारी बायका, बाळात व्यंग असलेल्या, आपत्तीत सापडलेल्या. आणि आणखी एक गट आहे, ज्यांच्या लग्नाची स्थिती गर्भारपणात बदलली, म्हणजे विधवा झाल्या किंवा घटस्फोट झाला. हा नियम वाचला तेव्हा मला पहिल्यांदा आपलं बंदरच आठवलं. आपल्याकडे माणूस समुद्रावर जातो तो कधी कधी परत येत नाही. बोट सापडते, माणूस सापडत नाही. आणि बॉडी मिळाली नाही तर कायद्याने त्याला मेला असं धरायला सात वर्षं लागतात. मग ती बाई विधवा कधी झाली? कागदावर सात वर्षांनी. पोटातला गर्भ सात वर्षं थांबतो होय?

इथे तो 2022 चा निकाल कामाला येतो. त्यात न्यायालयापुढे 25 वर्षांची अविवाहित मुलगी होती. जोडीदाराने ऐन वेळी लग्नाला नकार दिलेला, 20 आठवडे उलटून गेलेले. खालच्या न्यायालयाने म्हटलं, तू विधवाही नाहीस आणि घटस्फोटितही नाहीस, तुला हा नियम लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमाचे शब्द असे चिमट्यात धरून वाचायचे नसतात. बाईची परिस्थितीच बदलली, माणूस सोडून गेला, आधार गेला, तर तिलाही हा नियम लागू होतो. माझ्या समजुतीने समुद्रावर हरवलेल्या माणसाच्या बायकोसाठीही हेच बोट दाखवता येईल. अशी वेळ कुणावर न येवो, पण आलीच तर वकिलाला हा निकाल दाखवायला सांगा.

24 च्या पुढे बाळात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. आणि बाईचा जीवच धोक्यात असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही, एकच डॉक्टर तिथल्या तिथे निर्णय घेऊ शकतो.

आता एक गोंधळ सोडवू. पुष्कळजणींना वाटतं गर्भपातच बेकायदा आहे, कारण दवाखान्याच्या भिंतीवर पाटी असते, "गर्भलिंग निदान हा गुन्हा आहे". ही पाटी दुसऱ्या कायद्याची. पोटात मुलगा आहे की मुलगी हे तपासणं, सांगणं, विचारणं, हा गुन्हा. असा कायदा देशात सगळ्यात आधी आपल्या महाराष्ट्राने केला, 1988 साली, आणि केंद्राने 1994 साली. तो हवाच. परळीत 2012 साली आणि म्हैसाळला 2017 साली काय उघडकीला आलं, ते तुम्ही वाचलंय. पण त्या पाटीचा धाक एवढा बसला की मुलीसाठी गर्भ पाडणारी आणि तिसरं पोर झेपत नाही म्हणून आलेली, दोघी एकाच रांगेत उभ्या केल्या गेल्या. "स्त्रीभ्रूणहत्या" हा शब्द आपण कुठेही ठोकून देतो. काही डॉक्टर तर 12 आठवड्यांच्या पुढची बाई दारात दिसली की हात वर करतात. हे दोन वेगळे कायदे आहेत. मुलगी आहे म्हणून पाडायला कोणी सांगत असेल तर तो पहिला गुन्हा. तुमच्या तब्येतीसाठी, परिस्थितीसाठी तुम्ही मागताय, तो तुमचा हक्क.

आणि सही तुमचीच, याला दुसरी बाजूही आहे. ती न करण्याचा हक्कही तुमचाच. बाईच्या संमतीशिवाय तिचा गर्भ पाडला, तर न्याय संहितेच्या 89 कलमाखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. सासू म्हणते, दोन मुली झाल्या, तिसरीही मुलगीच दिसतेय, चल दवाखान्यात. नवरा म्हणतो, हे माझं नाहीच, पाड. चहातून, दुधातून गोळी देतात. हे सगळं या कलमात बसतं.

आपल्या बंदरात चर्चला जाणारी घरं आहेत आणि देवळात जाणारीही. चर्चची शिकवण गर्भपाताच्या विरोधात आहे, हे इथल्या लेकराबाळांनाही ठाऊक आहे. तुमच्या श्रद्धेवर बोलायला मी बसलेली नाही. जिला करायचा नाही तिच्यावर कायदा सक्ती करत नाही, उलट तिच्या "नाही"ला जन्मठेपेचं कुलूप लावतो. पण कायद्याने सगळ्यांसाठीच दार बंद केलं तर काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या शेजारच्या मातीतलं आहे. बेळगावची सविता हलप्पनवार. दातांची डॉक्टर, आयर्लंडमध्ये राहायची. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये सतराव्या आठवड्यात गर्भ राहणार नाही हे नक्की झालं. तिने गर्भपात मागितला. पण बाळाचे ठोके चालू होते आणि तिथला कायदा तेव्हा फार कडक होता. डॉक्टर थांबले. विषार अंगात पसरला आणि 28 ऑक्टोबरला ती गेली. 31 वर्षांची होती. पुढे मे 2018 मध्ये त्या कॅथलिक देशाने सार्वमत घेतलं, तेव्हा दर शंभरातल्या 66 जणांनी ती बंदी उठवायला मत दिलं. त्यात चर्चला नेमाने जाणारे नसतील का?

आता कामाचं बोलते. गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. गोळ्या वाईट नाहीत, डॉक्टरच देतात त्या. पण गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला असेल तर गोळीने तो पडत नाही, आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो. किती आठवडे झाले, हेही आधी कळायला हवं. कुणी घेतल्याच असतील, तर लागोपाठ दोन तास दर तासाला दोन पॅड भिजत असतील, ताप उतरत नसेल, घाण वास येत असेल, चक्कर येऊन पडत असाल, तर 108 ला फोन लावा. डॉक्टरला गोळ्या घेतल्याचं खरं सांगा, उपचार त्यावर अवलंबून असतात. तो उपचार तुम्हाला नाकारता येत नाही.

सरकारी रुग्णालय, किंवा सरकारने मान्यता दिलेला खासगी दवाखाना. मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, दिसलं नाही तर विचारा. तिथे तुमचं नाव एका वेगळ्या रजिस्टरमध्ये जातं, ते गुप्त ठेवायचं असतं, बाकीच्या कागदांवर फक्त नंबर. तुमचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 18 च्या आतल्या मुलीच्या बाबतीत डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, हे खरं आहे. पण मुलगी आणि तिचा पालक यांनी सांगितलं, तर त्या अहवालात तिचं नाव आणि ओळख द्यायची गरज नाही, हेही 2022 च्याच निकालात आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीने पोरीला कुठल्या तरी खोलीत नेऊ नका.

आणि कुणी नवऱ्याची सही मागितलीच, तर भांडू नका. फॉर्म 'सी' दाखवा म्हणा, त्यावर नवऱ्याची जागा कुठे आहे ते दाखवा म्हणा. ऐकलंच नाही, तर "सही नाही म्हणून करत नाही" हे लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की बहुतेकांना नियम आठवतो. तरीही अडलं तर वकील फुकट मिळतो, बाई असणं एवढीच त्याची अट आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर 15100. पुन्हा सांगते, कोयत्याने नाहीतर कोळशाने, भिंतीवर कुठे तरी लिहून ठेवा, एक-पाच-एक-शून्य-शून्य.